रविवारची गोळी

नवऱ्याला मी बहुतेक सगळं सांगते. तो कंटाळला तरी सांगते. हे मात्र त्यालाही सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, आणि आम्ही दातांच्या डॉक्टर मैत्रिणी वर्षातून एकदा जमून आपापले घोटाळे हसत हसत सांगतो, तिथेही नाही. मग तुम्हाला का? — खरं सांगू? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. तुम्ही बोईसरला माझ्याकडे दाढ दाखवायला येण्याची शक्यता नाही म्हणून. एवढाच धीर आहे माझ्यात, जास्त समजू नका.

मी पालघरला वाढले, लग्न होऊन बोईसरला आले. स्टेशनपासून चालत येता येईल अशा एका इमारतीत खाली मोबाइलचं दुकान आणि वर माझा दवाखाना, अशी कितीतरी वर्षं गेली. माझ्याकडे दोन तऱ्हेची माणसं येतात. एमआयडीसीतले कामगार — गुटख्याने गाल आखडलेले, ‘मॅडम, निकाल दो, छुट्टी एक ही दिन है’ म्हणणारे. आणि किनाऱ्याकडच्या गावांतली वाडीवाली माणसं — नारळ, केळी, मोगरा करणारी, बेताने बोलणारी, जाताना टेबलावर शेवग्याच्या शेंगांची जुडी ठेवून जाणारी. माझा हात हलका आहे असं दोन्हीकडे बोललं जातं. मला ते ऐकायला फार आवडतं. पुढे जे घडलं त्यात या आवडीचा वाटा मोठा आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

किनाऱ्याकडच्या पाम गावच्या जयवंतीकाकी दुसऱ्या तऱ्हेतल्या. सत्तरीच्या आसपास, बारीक अंगाच्या, नवरा गेल्यावर वाडी एकटीने उभी ठेवलेली बाई. मोगऱ्याच्या कळ्या स्वतः खुडायच्या, शेअर रिक्षाने बोईसरला आणायच्या, विकायच्या आणि दुपारच्या आत घरी. मुलगा दिनेश कंपनीत सुपरवायझर, सून घर बघते; पण वाडीत कुठल्या झाडाला पाणी कधी सोडायचं ते काकींना विचारल्याशिवाय कुणी ठरवायचं नाही.

आणि त्यांची आठवण! माझी आई त्यांना एकदाच भेटली होती, पालघरला कुणाच्या तरी साखरपुड्यात. तेवढ्यावरून त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, “तुजी आय डाळिंबी साडीत होती, नि तू जिलेबीसाठी रडत होतीस, बाय.” मी घरी जाऊन जुना फोटो काढून पाहिला. डाळिंबीच होती साडी. माझं तोंडही रडकं होतं. त्या मला ‘डॉक्टरबाय’ म्हणायच्या, आणि गर्दी नसली की उगाचच दोन मिनिटं टेकून जायच्या.

तर एकदा त्यांची खालची दाढ ठणकायला लागली. त्या आल्या तो नेमका कारखान्यांच्या सुटीचा दिवस. बाहेर बाकावर जागा नाही, जिन्यात माणसं उभी, माझी मदतनीस रजेवर. काकींना खुर्चीत घेतलं. सून बाहेरच थांबली, तिला फोन आला होता. दाढ खोल किडलेली, मूळ थोडं हलणारं. मी नेहमीसारखं एका दमात विचारलं — बीपी? शुगर? आम्ही सगळे असंच विचारतो. ते विचारणं नसतंच, ती सवय असते. त्या ‘नाय’ म्हणाल्या. मी इंजेक्शन दिलं, दाढ काढली, कापूस दाबून धरायला सांगितला आणि पुढच्याला आत घेतलं.

आता यात काय एवढं लपवण्यासारखं? थांबा. मी अजून मुद्द्यावर आलेले नाही. मुद्द्यावर यायला मला आवडत नाहीये, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

आठवड्याने काकी परत आल्या, गालावर हात धरून. जखम भरली नव्हती. असं होतं कधी कधी. मी औषधाची पट्टी भरली, धीर दिला. पुन्हा आल्या. पुन्हा पट्टी. मग मला कारण सापडलं — मशेरी. काकी वर्षानुवर्षं मशेरी लावायच्या, इथल्या म्हाताऱ्या बायका लावतातच. मी चांगलं झापलं त्यांना. त्या म्हणाल्या, “डबीच फेकली गं, बाय. तू बोललीस त्याच दिशी.” मी हसले. सगळेच असं म्हणतात, आणि मला सगळं कळतं ना! तिसऱ्यांदा मी सुनेला आत बोलावून, काकींच्या देखत, घरात मशेरी कुठे लपवली आहे ते बघायला सांगितलं.  काकींनी पदर नीट केला आणि त्या उठल्या. त्यांनी खरंच फेकली होती डबी.

मग दीडदोन महिन्यांनी तोंडात घालायच्या छोट्या आरशात मला ते दिसलं. हिरडी मागे सरली होती आणि मधे हाड उघडं पडलं होतं — पिवळट, कोरडं. मी त्याला हळूच हत्याराचं टोक लावलं. काकींना काही लागलं नाही. तिथे लागायला हवं होतं. हनुवटीखाली सूज होती, आणि खालचा ओठ बधिर वाटतो म्हणाल्या.

मला तिथल्या तिथे कळलं. इतकी अडाणी मी नाही. आपलं हाड आयुष्यभर आतून थोडं मोडत असतं आणि थोडं नवं होत असतं. म्हातारपणी मोडणं जास्त होतं, हाड पोकळ होतं, मग ते मोडणं थोपवायची एक गोळी देतात, बहुतेक आठवड्यातून एकदा. चांगली गोळी आहे ती. तिच्यामुळे कितीतरी म्हाताऱ्या माणसांची खुब्याची हाडं शाबूत राहिली आहेत, तिला नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. पण जबड्यातून दाढ उपटली की तिथलं हाड आधी मोडून मगच नवं भरायचं असतं. वर्षानुवर्षं ती गोळी घेणाऱ्या फार थोड्या माणसांत ते भरणं होतच नाही. हाड तसंच उघडं राहतं, मरतं. म्हणून अशा माणसाची दाढ काढण्याआधी दहादा विचार करायचा, हाडांच्या डॉक्टरांशी बोलायचं, जमलं तर मूळ तिथेच ठेवून उपचार करायचे. हे मी कॉलेजात शिकले होते. नंतर एका व्याख्यानात, चहा-समोशांसकट, पुन्हा ऐकलं होतं.

मी काकींना विचारलं, हाडांची गोळी घेता का? त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. मान हलवली — घेते. बस. मला वाटलं होतं त्या पुढे काही बोलतील. सूजच एवढी होती, बोलणार काय? मी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात जायला सांगितलं, आणि त्यांना जिन्यापर्यंत हात धरून सोडलं. तेवढा चांगुलपणा मला जमला.

मुंबईत त्यांच्या खालच्या जबड्याचा तुकडा काढावा लागला. चेहरा एका बाजूने बसला. तिथल्या डॉक्टरांनी दिनेशला गोळीचं समजावून सांगितलं, आणि विचारलं असावं की दाढ काढणाऱ्याला हे माहीत नव्हतं का. घरी सोडल्यावर दिनेश त्यांना घेऊन माझ्याकडे आला. सून सोबत होती. काकींच्या हनुवटीला पट्टी, आत टाके, बोलायची मनाई.

दिनेश भांडायला आला नव्हता. तो आवाज चढवणारा माणूसच नाही. त्याने एवढंच विचारलं, “मॅडम, आई ती गोळी घेते हे तुमाला म्हायती नव्हतं काय?”

आता सांगते. मघाशी मी दाढ काढल्याची गोष्ट सांगितली ना, ती अर्धीच सांगितली.

मी बीपी-शुगर विचारलं तेव्हा काकी नुसत्या ‘नाय’ म्हणाल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या होत्या, “बीपी नाय, शुगर नाय. ती हाडाची गोळी तेवढी हाय, रविवारची. उठल्या उठल्या पेलाभर पान्याशी घेयाची, नि मग अर्धा तास ओटीवर ताठ बसून ऱ्हायाचं. वाडीत पडून हात मोडला ना माजा, तवापासून. पाच-सहा वर्सं झाली, एक रविवार चुकवला नाय.” अभिमानाने म्हणाल्या होत्या, उपास पाळणारी बाई सांगते तशा. आणि मी — मी तोंडावरचा मास्क वर घेत म्हणाले होते, “अहो काकी, ते कॅल्शियम. त्याचं काही नाही. तोंड उघडा.”

कॅल्शियम नव्हतं ते. पालघरच्या हाडांच्या डॉक्टरांनी दिलेलं औषध होतं. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी, उपाशीपोटी, नंतर आडवं व्हायचं नाही — एवढं सगळं सांगितल्यावर दातांच्या डॉक्टरच्या डोक्यात घंटा वाजायला हवी. त्यांनी मला गोळीचं नाव सोडून सगळं सांगितलं होतं. पण जिन्यात माणसं होती. आणि म्हाताऱ्या बायकांच्या ‘हाडाच्या गोळ्या’ आम्ही सगळ्या एकाच गठ्ठ्यात टाकतो — ताकदीच्या, घेतल्या तरी चालतंय, नाही घेतल्या तरी चालतंय. त्या बिचाऱ्या बायकाही त्यांना औषधात धरत नाहीत. काकींनी धरलं होतं, एवढाच फरक.

इथपर्यंत चूक होती. चुकीबद्दल बोलायला मी इथे बसलेले नाही. चुका सगळ्यांच्या होतात. मी मन लावून ऐकलं असतं तरी कदाचित ती दाढ काढावीच लागली असती, आणि कदाचित हेच झालं असतं. हा हिशेब मी स्वतःशी इतक्या वेळा मांडलाय की पाठ झालाय. तो खराही आहे. आणि दिनेशने जे विचारलं होतं त्याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

त्याने विचारलं, माहीत नव्हतं का. मी म्हणाले, “मी विचारलं होतं. त्या काही बोलल्याच नाहीत.”

वाक्य किती सहज आलं! त्याला रंगही दिला मी. म्हणाले, या वयात होतं असं, विसरतात, त्यांचा दोष नाही. काकी समोर बसल्या होत्या. त्यांनी हात वर केला. घशातून काहीतरी आवाज काढला, डोळे मोठे केले. माझ्याकडे बघून दोनदा मान हलवली — नाही, नाही. सुनेने त्यांचा हात धरून खाली घेतला, “आई, बोलू नका, टाके हायत.” मी त्या वेळी काय केलं असेल? मी उठून त्यांच्या पट्टीकडे पाहिलं. पट्टी चांगली बांधली आहे असं म्हणाले.

भीती वाटली होती, हे कबूल करते. दवाखान्याचं नाव, हलका हात, बोईसरमध्ये तोंडातोंडी पसरणाऱ्या गोष्टी. पण भीती त्या क्षणापुरती होती. दुसऱ्या दिवशी ती नव्हती. दुसऱ्या दिवशी मी पामला जाऊन सांगू शकले असते. त्याच्या दुसऱ्या दिवशीही.

टाके निघाल्यावर काकींनी घरी सांगितलं असणारच — ‘मी डॉक्टरबायला बोलले होते’ म्हणून. पण कुणाचं खरं धरणार? एकीकडे डॉक्टर, दुसरीकडे ऑपरेशनमधून उठलेली म्हातारी. घरच्यांनी वाद नाही घातला. प्रेमाने ऐकून घेतलं. ते जास्त वाईट. त्यानंतर त्यांच्या गोळ्या सून स्वतःच्या हाताने देऊ लागली. मग गॅस. मग पंपाचं बटण, कारण ‘चालू ठेवून विसरेल’. मग बोईसरला एकटीने यायचं बंद, रिक्षा चुकली तर काय घ्या. हे सगळं मला दिनेशच सांगायचा, तब्येतीची चौकशी केली की. चांगला मुलगा आहे. आईची काळजी घेत होता. आणि ती काळजी माझ्या एका वाक्यावर उभी होती.

मी सुधारले म्हणा. आता प्रत्येकाला विचारते — हाडांची गोळी? इंजेक्शन? वर्षातून एकदा सलाईनमधून काही देतात का? गोळ्यांची पाकिटं आणायला लावते. लोक म्हणतात, मॅडम किती बारकाईने बघतात. माझी आवड काही गेलेली नाही, हेही बघून ठेवा.

आणि असं करता करता पामला आरोग्य शिबिर झालं. शाळेच्या हॉलमध्ये बायका जमल्या होत्या, मला दातांवर बोलायला बोलावलं होतं. मी हाडांच्या गोळीचं सांगितलं. छान सांगितलं. गोळी मनाने बंद करायची नाही, पण दाढ काढायच्या आधी डॉक्टरला सांगायचंच, हे पुन्हा पुन्हा बजावलं. आणि पटावं म्हणून उदाहरण दिलं — नाव न घेता. म्हणाले, माझ्याकडे एक आजी आल्या होत्या. सांगायला विसरल्या. बघा केवढ्याला पडलं.

हे मी का केलं? कुणी मागितलं होतं का उदाहरण? मला वाटतं, तोवर ते मलाच खरं वाटायला लागलं होतं. की वाटावं म्हणून मी ते मोठ्याने म्हणून बघत होते? मला अजून ठरवता आलेलं नाही.

काकी मागच्या रांगेत होत्या. मला दिसल्या नव्हत्या. बायका पांगल्यावर त्या भिंतीला धरून पुढे आल्या. चेहऱ्याची एक बाजू बसलेली, ओठाच्या कोपऱ्यातून ओघळणारं पुसायला हातात रुमाल. सून चपला शोधत दाराशी होती. आजूबाजूला कुणीच नव्हतं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. तक्रारही नव्हती. माझ्या दंडावर हात ठेवून त्यांनी विचारलं, “बाय, ती आजी मीच ना? एक विचारू? मी तुला खरंच सांगतलं नव्हतं काय गं? माज्या डोळ्यापुढं हाय — तू तोंडावर ते कापड घेत होतीस, नि मी बोलत होते. रविवारचं बोलले, ओटीवर बसायचं बोलले. घरात मला बोलतात, आई, तुजा भास तो. तू सांग. तू बोलशील ते मी मानीन.”

अगदी मास्क वर घेतल्याचंही त्यांना आठवत होतं.

त्या मला दोष देत नव्हत्या, समजून घ्या. जबडा गेला त्याचं त्या मागत नव्हत्या काही. त्यांना फक्त एवढंच हवं होतं, की आपलं डोकं अजून ठिकाणावर आहे हे कुणीतरी सांगावं. आणि ते सांगू शकणारं जगात एकच माणूस होतं. दिनेशला मी खोटं बोलले ते गडबडीत. इथे गडबड नव्हती. जिन्यात माणसं नव्हती. त्या थांबल्या होत्या, मला हवा तेवढा वेळ होता. मी ‘हो’ म्हटलं असतं तर कदाचित त्यांनी ते कुणाला सांगितलंही नसतं.

मी म्हणाले, “नाही काकी. नव्हतं सांगितलंत.”

 त्यांनी रुमालाने ओठ पुसला. “हां,” म्हणाल्या. “मंग पोरं बोलतात ते बरोबर हाय.” आणि वर मलाच म्हणाल्या, तू मनाला लावून घेऊ नको. सून चपला घेऊन आली, त्यांच्या पायाशी ठेवल्या. मी गाडीत बसून बोईसरला परत आले. त्या दिवशी आम्ही बाहेर जेवायला गेलो होतो, मी व्यवस्थित जेवले.

हेच ते. दाढ नाही, गोळी नाही. हे.

मागच्या महिन्यात दिनेश आणि सून त्यांना दाखवायला घेऊन आले, उरलेल्या दातांची तपासणी होती. काकी अजून बारीक झाल्या आहेत. मोगरा आता दुसऱ्याला करायला दिलाय, दिनेश म्हणाला. आईच्याने लक्षात राहत नाही, उगाच तिच्या डोक्याला ताप. मग माझ्याकडे वळून मनापासून म्हणाला, “तुमी तवा बोललात म्हणून आमाला कळलं तरी, मॅडम. नायतर आमी तिच्यावरच सोडून बसलो असतो सगळं.” मी म्हणाले, वेळेत लक्षात आलं ते बरं झालं.

काकींना खुर्चीत घेतलं. दिवा त्यांच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून जरा खाली केला. आणि आता सगळ्यांना विचारते तसं, सावकाश, त्यांच्याकडे बघून विचारलं — काकी, सध्या कुठली कुठली औषधं चालू आहेत तुमची?

त्यांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. मग मान वळवून दारात उभ्या असलेल्या सुनेकडे पाहिलं.

“तिला विचार, बाय,” त्या म्हणाल्या. “माजं काय खरं नाय.”